चौऱ्याऐंशीवर बसवलेला आवाज

बाजीनाना माणसाला नाव विचारायच्या आधी त्याचा वेग सांगत. नेऱ्याला त्यांच्या चाळीत आम्ही राहायला गेलो त्या दिवशी मी गाडीवाल्याला सामानाबद्दल सूचना देत होतो. नाना ओट्यावर बसून मांडीवर बोटं आपटत ऐकत होते. पाचेक मिनिटांनी म्हणाले, "एकशे अठरा. लई पळताय तुमी. शंभरावर या, म्हंजी त्याला कळंल."

मिनिटाला किती ठोके, त्याचा तो आकडा होता. माझी बायको भाकरी शहाण्णववर थापते आणि तिसऱ्या भाकरीनंतर घसरते, हा शोधही त्यांचाच. "वैनी, लायनीवर घ्या," असं त्यांनी खिडकीतून सुचवलं. त्या संध्याकाळी आमच्या खिडकीला पडदा लागला.

मी हिंजवडीजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. सुट्या भागांची मापं घ्यायची, नमुन्याशी ताडून पाहायची, वहीत नोंदवायची. हे कळल्यावर नाना मला मोजणीसाहेब म्हणू लागले. ज्या गावात मोजणीवरून भाऊ भावाशी बोलत नाही, तिथे हे नाव काही मानाचं नव्हतं.

नानांची जमीन गेली, त्या जागी आमच्यासारख्यांच्या खोल्या आल्या. म्हशी विकल्यावर गोठा रिकामा झाला आणि नानांनी त्यात स्टुडिओ काढला. एक कॉम्प्युटर, दोन मोठे स्पीकर, एक माईक. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले. मी मोजले, दोनशे सोळा. दाराला दोन गोधड्या. एवढं करूनही पावसाळ्यात स्टुडिओला म्हशींचा वास येईच. "वास रेकॉर्ड हुईत न्हाई," नाना म्हणत.

गाण्याचं सॉफ्टवेअर त्यांनी कुठून तरी मिळवलं होतं. त्यातलं इंग्रजी वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मला ते थोडं कळतं. पडद्यावर उभ्या रेघा असतात, एकसारख्या अंतरावर. प्रत्येक रेघ म्हणजे एक ठोका. रेकॉर्ड केलेला आवाज त्यांच्याखाली डोंगररांगेसारखा दिसतो. माणूस काही यंत्र नाही, त्यामुळे त्याचा ठोका रेघेच्या अलीकडे पडतो नाही तर पलीकडे. तो धरून रेघेवर ओढायचा. मधला आवाज कॉम्प्युटर ताणतो किंवा आवळतो. नाना याला लायनीवर घेणं म्हणत, आणि त्यांच्या मते सबंध मुळशी तालुका लायनीवर घ्यायचा राहिला होता.

पुतणीच्या लग्नात त्यांनी वरात अडवली होती. बँडवाल्यापुढे हात पसरून उभे राहिले. "एकशे वीसला सुरू केलंस, मारुतीपाशी एकशे बत्तीस झालं. मागं घे!"

बँडवाला घामाघूम. तो म्हणाला, "शेठ, मी मागं घेतो, पण नवरदेवाची घोडी ऐकंना. तिला तुमीच सांगा."

लोक हसले. नवरीचा बाप मात्र हसला नाही. तो नानांचा थोरला भाऊ, रघूअण्णा. त्याने नानांना बोलावलंच नव्हतं. नाना वरातीत शिरले होते ते एवढ्याच निमित्ताने.

या दोघांचं बिनसलं ते बांधावरून. दोघांच्या वाटणीतला बांध मधे एका ठिकाणी नानांच्या बाजूला वळत होता. नानांनी सरकारी मोजणी आणली, दोरी लावली आणि बांध सरळ करून घेतला. नानांना हातभर जागा मिळाली आणि अण्णांचं जांभळाचं झाड तोडावं लागलं. पुढे चार वर्षांत ती दोन्ही शेतं गेली, बांधासकट. अबोला तेवढा राहिला.

अण्णा गावाचे भजनी होते. मी त्यांना ऐकलं नाही, कारण मी यायच्या आधी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती कुजबूज. पण सगळे सांगत, असा गळा पंचक्रोशीत नव्हता. नानाही सांगत, फक्त शेपूट जोडून: "गळा गोड. पण अण्णा लयीला कच्चा. पयल्यापासनं."

त्या गळ्याची एकच कॅसेट शिल्लक होती. जुन्या सप्ताहात देवळात कोणीतरी भरलेली, बावीस मिनिटांची. पखवाजावर स्वतः नाना, तेव्हा सोळा वर्षांचे. ठरलेला पखवाजी आला नाही म्हणून त्यांना बसवलेलं.

एके दिवशी नाना कॅसेट घेऊन माझ्या दारात आले. "मोजणीसाहेब, अण्णाला लायनीवर घ्यायचाय. यंदाच्या सप्ताहाला कर्ण्यावर लावू. सोताचा आवाज ऐकाया तरी यील का न्हाई माझ्या दारात?"

भाऊ दारात यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. पण दहा वर्षं त्याला सरळ "ये" म्हणायला ते तयार नव्हते.

आवाज कॉम्प्युटरवर घेताना टेप जुना निघाला, फीत गुंतली आणि तुटली. गाणं तोवर पुरतं उतरलं होतं, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. तुटकी फीत नानांनी वांग्यांच्या वाफ्यावर पाखरं उडवायला बांधली. कारखान्यात मूळ नमुना मी कुलपात ठेवतो. इथे एक प्रत बाजूला काढून ठेवा, एवढंही मला सुचलं नाही. हे माझ्या खात्यातलं आहे आणि मी ते दुसऱ्याच्या नावावर घालत नाही.

तीन महिने काम चाललं. वेग ठरला चौऱ्याऐंशी. लोडशेडिंगमुळे सकाळचे दोन तासच मिळत. नाना ठोका ओढायचे, आणि तो किती सरकला ते मी सवयीने वहीत लिहायचो. लय एक्केचाळीस ठिकाणी पडत होती. "बघा कसा रेंगाळतोय!" नाना दर वेळी म्हणायचे, आणि अण्णांचा सूर ओढून रेघेवर आणायचे.

काम संपल्यावर मी वही पुन्हा पाहिली. मग तिसऱ्यांदा पाहिली. एक्केचाळीसपैकी सदतीस जागी आधी पखवाजाची थाप मागे पडत होती. अण्णांचा सूर तोपर्यंत रेघेवर असायचा. थाप चुकली की पुढच्या शब्दावर तो थांबायचा, थाप येऊ द्यायचा आणि मग दोघं बरोबर पुढे जायचे. उरलेल्या चार जागी कोणीतरी खोकत होतं, म्हणून तिथलं मला सांगता येत नाही.

मी हे नानांना सांगितलं. आता वाटतं, सांगायला नको होतं. पण मापात चूक दिसली की गप्प बसणं मला जमत नाही.

"तुमचं माप चुकलंय," नाना म्हणाले.

"तीनदा घेतलंय, नाना."

"मग तिन्ही येळा चुकलंय. तुमाला पखवाजातलं काय कळतंय? लोखंड मोजा तुमी."

आठ दिवस गोठा बंद राहिला. नवव्या दिवशी हौसावहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, परस्पर जावेकडे निरोप धाडला आणि रघूअण्णा आले. पांढरा शर्ट, गळ्याला मफलर. गोठ्याच्या दारात थबकून त्यांनी अंड्यांच्या ट्रेकडे पाहिलं. कुजबुजत म्हणाले, "कोंबड्या कुटंयत?"

मी हसलो. नानांनी न हसता खुर्ची पुढे केली आणि गाणं लावलं.

ठोका न् ठोका रेघेवर होता. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. पाच मिनिटांनी त्यांनी हात वर केला.

"ह्यो कोन गातोय?"

"कोन म्हंजी? तूच की."

"मी न्हवं. ह्याला कुनाची वाट बघायची न्हाई."

नानांनी गाणं थांबवलं. मग माझ्याकडे न पाहता भावाला विचारलं, "मी मागं पडत व्हतो?"

"व्हय."

"आन् तू सांगितलं न्हाईस? आख्खं गाव तुला कच्चा म्हनतंय. मीच सांगत फिरलोय."

"पोरगं व्हतास. बोटं सुजली व्हती. तुला टाकून म्होरं जाऊ?" एवढं बोलूनच अण्णांना दम लागला. त्यांनी मफलर नीट केला आणि उठले.

"बस की. जुनं लावतो," नाना घाईने म्हणाले. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण एकशे चाळीसच्या खाली ते नक्की नव्हतं.

"आता न्हाई थांबत, बाजी."

ते गेले. नाना की-बोर्डवर बोटं मारत जुनं शोधू लागले. जुनं नव्हतंच. दर सकाळी त्याच फाईलवर जतन केलेलं. वाफ्यावरची फीत तीन महिन्यांच्या उन्हात पांढरी पडली होती. पावसाआधीच्या वाऱ्याने तिचे तुकडे झाले होते.

दुसऱ्या दिवशी नाना माझ्याकडे आले. या वेळी मोजणीसाहेब म्हणाले नाहीत. म्हणाले, "साहेब, तुमची ती वही द्या."

मग उलटं काम सुरू झालं. मी आकडा वाचायचो, नाना रेघेवरची थाप धरून मागे ओढायचे, आणि तिच्या मागोमाग अण्णांचा सूर. सदतीस जागी स्वतःची चूक त्यांनी हाताने परत घातली. आवाज दोनदा ताणल्यामुळे मधूनच पाण्यात बोलल्यासारखा होई. ते काही भरून आलं नाही. पण सूर थांबायचा तिथे थांबत होता. तसं झालं की नाना माऊसवरचा हात काढून घ्यायचे आणि थोडा वेळ दुसरी जागा मागायचे नाहीत.

त्याची सीडी केली. हौसावहिनींनी ती जावेच्या हातात दिली. जाऊबाई म्हणाल्या, "आमच्याकडं कॅशेटचा टेप हाय. ह्या चकतीला काय लावू?" आणि ती भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली.

मी नानांना म्हटलं, "तुमचा प्लेअर घेऊन तुम्हीच जा ना. शेजारी बसून ऐका."

"जाऊ की," नाना म्हणाले. "सप्ताह हुंद्या." सप्ताह झाला. मग म्हणाले, "दिवाळी हुंद्या."

दोन वर्षांनी आम्ही नेरे सोडलं. निघायच्या आदल्या दिवशी मी उगाचच दोन्ही भावांच्या दारांमधलं अंतर चालून पाहिलं. चौसष्ट पावलं भरलं. सीडी त्या घराच्या देवळीत होती. प्लेअर या घरात होता, पुसून, वर फडकं टाकून ठेवलेला.