कागदावर कागद न ठेवणारे अण्णा

१९८८, मे महिन्यातला पहिला सोमवार, सकाळी साडेदहा. जागा : दूध संघाची कचेरी. हजर : मी, म्हणजे कचेरीची अधीक्षक, आवक-जावक कारकून मल्लप्पा बिराजदार, म्हणजे आमचे अण्णा, शिपाई रशीदभाई, आणि पुण्याहून आलेले कॉम्प्युटरवाले केळकर. कॉम्प्युटरही हजर होता. वीज साडेअकराला हजर झाली.

विषय एकच होता : कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चढवायची की नाही. विरोध एकट्या अण्णांचा.

तो समजायला अण्णांचं टेबल पाहायला हवं. संघातल्या उभ्या नोकरीत अण्णांनी कागदावर कागद ठेवला नाही. आलेलं प्रत्येक पत्र दुसऱ्याच्या कडेला कड लावून मांडायचं. जागा संपली की सगळ्यांना एकेक घडी घालायची, म्हणजे नव्याला जागा होते. गर्दी वाढली की दुसरी घडी. मार्चअखेरीला टेबलावर औषधाच्या पुडीएवढे चौकोन उरायचे आणि पंखा बंद व्हायचा.

"फॅन नगं," अण्णा म्हणायचे. "घाम पुसता येतो. पत्र उडालं तर कुठं हुडकू?"

टेबल भरलं की बाक, बाक भरलं की माझी खुर्ची. मी दोनदा उभ्यानं सह्या केल्या आहेत. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं : "दिसलं पाहिजे बघा, बाई. झाकलं की मेलं."

आदल्या वर्षी कॉम्प्युटर आला, तेव्हा मला वाटलं होतं की हा उमरग्याचा गडी त्याच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही. पण त्या पडद्यावर चौकोनी खिडक्या उघडायच्या. एकीत गावांची मागणी, दुसरीत टँकरच्या खेपा. आणि त्या एकमेकींवर चढायच्या नाहीत. तिसरी उघडली की आधीच्या दोघी अंग चोरून तिला जागा द्यायच्या. अण्णा अर्धा तास उभे राहून बघत होते.

"ह्येला कुणी शिकवलं?" एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी पडद्याच्या कडेला भस्माची तीन बोटं उमटलेली होती.

आता केळकरांनी आणलेल्या नव्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर चढत होत्या. वर पट्टी, पट्टीवर नाव. पट्टी धरून खिडकी कुठंही ओढावी, कोपरा धरून हवी तेवढी वाढवावी. केळकर रंगात आले. "बाहेरच्या काही मशिनांवर हे आधीपासून आहे, आपल्याला आत्ता मिळतंय. अगदी खऱ्या टेबलासारखं. आपल्या टेबलावर कागदांवर कागद असतातच ना?"

"कुणाच्या टेबलावर?" अण्णांनी विचारलं.

केळकरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

हसण्यासारखी वेळ नव्हती, तरी रशीदभाई हसले. विहिरी आटल्या होत्या. जनावरांच्या पाण्यासाठी संघाकडं दोन टँकर होते आणि मागणी सतरा गावांची होती. कुठलं गाव कधी, हे त्या पडद्यावरून ठरत होतं.

"बोरवाडी दाखवा," अण्णा म्हणाले.

"आहे की. खाली आहे."

"खाली म्हंजी कुठं?"

"या खिडकीखाली." केळकरांनी एक खिडकी सरकवली. खाली दूध संकलन निघालं. ते सरकवलं, तर पेंडीचा साठा. पेंड सरकवताना पहिली खिडकी परत वर आली.

"बोरवाडी किदर गई, साब?" रशीदभाईंनी काळजीनं विचारलं.

"जरा घाई करू नका."

"आमी न्हाय करत," अण्णा म्हणाले. "बोरवाडीची जनावरं करत्यात."

बोरवाडी चौथ्या खिडकीखाली सापडली. केळकर रुमालानं मान पुसत रशीदभाईंबरोबर चहाला गेले. मी अण्णांना म्हटलं, "सापडलं की. सतरा गावं असताना बोरवाडीवरच का अडलात?"

अण्णांनी टेबलावरच्या एका पत्राची कड सरळ केली.

"बहात्तर साली म्या टंचाईच्या कामावर रोजंदारी कारकून हुतो. टेबलावर ह्यो एवढा गठ्ठा. बोरवाडीचं पाण्याचं पत्र खाली ऱ्हायलं. नऊ दिस. विठ्ठल भोसल्याची बैलजोडी गेली."

"ते काही बोलले तुम्हाला?"

"त्यास्नी काय ठाव? म्हणले, सरकारी काम, उशीर व्हायचाच. वर मलाच चहा पाजला." मग ते म्हणाले, "दरसाल जातो सांगाया. फाट्यावर उतरतो. पुढं पाय उचलत न्हाय. परतीच्या यष्टीनं माघारी."

रजेचं रजिस्टर माझ्याकडं असतं. अण्णा दर वर्षी मे महिन्यात एक दिवस रजा घेतात, कारण 'खाजगी'. लग्नकार्य असेल, असं मी आजवर धरून चालले होते.

केळकर परत आल्यावर निर्णय झाला. जुनी आवृत्ती पुढं कुणी सांभाळणार नव्हतं, म्हणून नवी घेतली. पण तिच्यातही कोपरे ओढून खिडक्या शेजारीशेजारी लावता येतात, हे केळकरांकडून वदवून घेतलं. मी अट लिहिली : मागणी आणि खेपा एकमेकींवर यायच्या नाहीत, रोज सकाळी मांडणी अण्णा करतील. तेव्हापासून दहा ते सव्वादहा अण्णा पडद्यावर कडेला कड जुळवत बसतात. त्या वेळेत त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

त्या सोमवारच्या माझ्या यादीत तीन कामं होती. आवृत्ती चढवली. अट टाईप करून भिंतीला लावली. बोरवाडीचा टँकर मंगळवारी पोचला. चौथं काम मी अण्णांना न विचारता खाली लिहिलं : अण्णांसोबत बोरवाडीला जाणे, फाट्यापासून पुढे चालत, विठ्ठल भोसले यांची भेट.

अण्णांनी ती ओळ दोनदा वाचली. "पाऊस झाल्यावर बघू, बाई," म्हणाले.

पाऊस होऊन गेला, ज्वारीही निघाली. दर सोमवारी मी ती ओळ नव्या यादीत उतरवून घेते. तिच्यापुढं अजून खूण नाही.