दुरुस्तीला रकाना नाही

देशातलं सर्वांत सरासरी घर शोधायला सांख्यिकी खात्याला सात वर्षं लागली, आणि ते घर निघालं फौजदारबाईंचं. बाई पोलिसांत वगैरे नव्हत्या. चार इयत्ता शिकून शाळेला रामराम ठोकलेला. पण त्यांचा आवाज ऐकून गल्लीने ही पदवी बहाल केली होती, आणि बाईंनी ती कधी परत केली नव्हती.

खात्याचा माणूस निळी वही घेऊन आला आणि म्हणाला, "अभिनंदन! तुमचं घर अगदी सरासरी आहे."

"सरासरी असेल तुमचं घर," बाई म्हणाल्या. "माझ्या घराला नावं ठेवायला चहाच्या आधी आलात की नंतर?"

"बाई, हा मान आहे. चार माणसं, दोन खोल्या, तीन खिडक्या, एक गळका नळ. सगळं कसं बरोब्बर मध्यावर."

"गळत नाही, ठिबकतो."

माणसाने तेवढी दुरुस्ती केली आणि मानाचा अर्थ समजावला. या घरात एक वस्तू आली की देशातल्या लाख घरांत ती आली, असं खातं धरून चालणार. नाही आली, तर लाख घरांत नाही आली. बाकीच्या घरांना विचारत बसायची गरज नाही. त्यात सरकारचा वेळ वाचतो. तो दर सोमवारी यायचा, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचा आणि वहीतले रकाने भरायचा. बाईंनी त्याचं नाव रकानेवाला ठेवलं.

घरात त्या वेळी वेगळीच धांदल होती. बाईंचा मुलगा बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवायचा. अकरा वर्षं तो हंगामी कामगार होता. हंगाम कुठला, ते कारखान्याने कधी सांगितलं नव्हतं. आता मात्र महिनाअखेर त्याला कायम करण्याचं पत्र मिळणार होतं. बाईंनी ती बातमी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचवली होती, म्हणजे आता पत्र न येणं परवडण्यासारखं नव्हतं.

नेमका त्याच आठवड्यात बाईंच्या बाजारात जायच्या बुटाचा तळ सुटला. बूट मुलाच्याच कारखान्यातला.

"हा तूच चिकटवलास ना रे?"

"आई, हात माझा, पण गोंद कारखान्याचा."

"मग हात तरी जरा दाबायचास."

"दाबला की साहेब ओरडतात. हा बूट टिकला तर पुढचा कोण घेणार, म्हणतात."

बाईंनी पुढचा घेतला नाही. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मोच्याकडे जाऊन मेणाच्या दोऱ्याने तळ चारी बाजूंनी शिवून घेतला आणि बूट आपटत घरी आल्या.

सोमवारी रकानेवाल्याने विचारलं, "बूट?"

"शिवून आणला."

"म्हणजे घेतला नाहीत."

"पाय दोन, बूट दोन. तिसरा काय डोक्यावर ठेवू?"

"दुरुस्तीला रकाना नाही, बाई. शून्य लिहितो."

"लिहा की. शून्याला शाई तरी किती लागते?"

लागली बरीच. त्या शून्याचे खात्यात न विकलेले लाख जोड झाले. पत्रक निघालं की जनतेने बुटांकडे पाठ फिरवली आहे. ते वाचून कारखान्याच्या मालकाने खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यावरची माणसं बूट घालून चालली होती, पण पत्रकावर सही होती आणि रस्त्यावर नव्हती. त्याने कायम करण्याची सगळी पत्रं कपाटात घातली आणि किल्ली खिशात.

मुलगा घरी येऊन म्हणाला, "आई, पत्र थांबलं. लोक बूट घेत नाहीत म्हणे."

"लोकांना झालंय काय मेलं?" बाई कडाडल्या. "एक जोड घ्यायला यांचं काय जातं?"

मग शहाण्या बाईने करायचं ते त्यांनी केलं, हात आखडला. पडद्यांचं कापड घ्यायचं होतं, ते सुनेच्या जुन्या चादरीवर भागवलं. वर्तमानपत्र बंद केलं. नातीचे केस घरीच कापले. दोन दिवस पोरगी टोपी घालून हिंडली. सून म्हणाली, "आई, पडदे तरी घेऊ या. खिडकीत चादर बघून लोक काय म्हणतील?"

"लोकांनी बूट घेतले असते, तर मी पडदे घेतले असते."

सोमवारी रकानेवाला आला आणि शून्य, शून्य, शून्य लिहून गेला. पुढच्या महिन्यात कापडाच्या गिरणीने एक पाळी बंद केली. छापखान्याने माणसं कमी केली. केस कापणाऱ्यांच्या संघटनेने मोर्चा काढला, पण बघायला आलेल्या सगळ्यांचे केस घरी कापलेले. सरकारने जाहीर केलं की ही मंदी नाही, अर्थव्यवस्था जरा टेकली आहे. आणि मुलाला पत्र आलं. कायम झाल्याचं नव्हे, 'अनिश्चित काळाच्या गृहविश्रांतीचं'. त्यात साहेबांनी त्याला शुभेच्छाही दिल्या होत्या.

बाईंनी ते सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. मग चहातली साखर बंद केली. रकानेवाल्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि वहीत आणखी एक शून्य काढलं.

त्यानंतर खात्याचे उपसंचालक जातीने आले. गल्लीत मोटार शिरेना, म्हणून चालत आले आणि बसायच्या आत म्हणाले, "बाई, देशासाठी एक जोड बूट घ्या."

"मुलाला कामावर घ्या, उद्या घेते."

"तुम्ही घेतलेत की ते त्याला घेतील."

"त्यांनी घेतलं की मी घेईन."

"अहो, कुणीतरी आधी सुरुवात करायला हवी!"

"केली ना तुम्ही. शून्य तुमच्या माणसाने काढलं, मी बूट शिवला होता."

उपसंचालकांनी घाम पुसला. "बरं, खातंच तुम्हाला एक जोड भेट देतं."

रकानेवाला खाकरला. "साहेब, भेटवस्तूला रकाना नाही."

"मग रकाना काढा!" बाई म्हणाल्या. "रेघ तर मारायची! पट्टी देऊ?"

"रकाना समिती काढते, बाई. समिती काटकसरीत बरखास्त झाली."

उपसंचालक गेले. पण सरकारी डोकं अडलं तरी थांबत नाही. आठवड्यात आदेश निघाला: ज्या घरात बूट, पडदे, वर्तमानपत्र आणि साखर येत नाही, ते घर सरासरी म्हणता येत नाही; सबब ते नमुन्यातून वगळण्यात येत आहे. त्याच्या जागी उपसंचालकांच्या मेहुण्याचं घर घेतलं. मेहुण्याच्या घरी त्याच आठवड्यात बुटांचे अकरा जोड आले होते. खात्याने अकरा लाख लिहिले आणि मंगळवारी दुपारी मंदी संपली.

बाईंनी मुलाचा सदरा स्वतः इस्त्री केला. मुलगा कारखान्याच्या फाटकावर गेला. तिथला बाबू म्हणाला, "तुम्ही मंदीतले कामगार. इतके दिवस बसून हात जड झाले असतील. आम्हाला तेजीतली ताजी माणसं हवीत."

"कायम?"

"हंगामी."

मुलगा घरी न येता कोपऱ्यावर मोच्याजवळ जाऊन बसला. तिथे ही भलीमोठी रांग लागलेली. सगळा देश तळ शिवून घेत होता, आणि म्हाताऱ्याचे हात पुरत नव्हते. मुलाने एक बूट उचलला, दोरा ओवला आणि या खेपेला दाबून शिवला. म्हाताऱ्याने शिवण बघितली, शेजारचं स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाला, "बस. हे स्टूल कायम आहे."

बाईंनी ती बातमीही गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचवली. वर रांगेची व्यवस्था स्वतःकडे घेतली. एकदा रांगेत उपसंचालक सापडले, काखेत कागदात गुंडाळलेला जोड.

"माझा नाही हो," ते पुटपुटले. "शेजाऱ्याचा."

बाईंनी त्यांच्या पायांतल्या घरातल्या सपाता पाहिल्या. "मग शेजारी तुमच्या पायांनी का चालतोय?"

तळ शिवण्याच्या त्या कामाची नोंद अजून कुठेच नाही. दुरुस्तीला रकाना नाही. मेहुण्याचं घरही परवा वगळलं, बाराव्या जोडाला कपाटात जागा उरली नाही म्हणून. आता खातं नवं सरासरी घर शोधतंय. अशा घरातला माणूस, म्हणे, शेजाऱ्याकडून मागून आणलेलं पुस्तक वाचतो, मध्येच हसतो आणि घरातल्यांना म्हणतो, "खरंच, लोक हल्ली काही विकतच घेत नाहीत."

सोमवारी दार वाजलं तर उघडा. मात्र आधी आपल्या पायांतल्या बुटांचा तळ बघून घ्या, शिवलेला आहे का ते.