दक्षिणमुखी छत्री

"सोमवारी सकाळी दहा वाजता!" हे वाक्य नानासोंनी त्या आठवड्यात इतक्यांदा उच्चारलं होतं, की त्यांच्या बायकोला, राहीबाईंना, ते भाकरी थापतानासुद्धा ऐकू यायला लागलं होतं. माण तालुक्यातल्या कोकरवाडीत सोमवारी सकाळी दहाला बिनतारी ब्रॉडबँड सुरू होणार होतं. खांब नको, वायर नको, खोदाई नको. डोंगरावर कंपनीचा टॉवर आणि गच्चीवर ताटाएवढी पांढरी छत्री, बस्स! गावातली पहिली छत्री नानासोंच्या गच्चीवर बसणार होती. एक तर घर सगळ्यात उंचावर, आणि दुसरं म्हणजे घरधनी फौजेत सिग्नलमध्ये बावीस वर्षं काढून सुभेदार होऊन आलेला.

आजवर कोकरवाडीला नेटवर्क नव्हतंच असं नाही. शेजारच्या ज्योतिबाच्या उकिरड्यावर मधोमध उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. गावातल्या निम्म्या सोयरिकी त्या उकिरड्यावरनंच जुळल्या होत्या. पण ज्योतिबा नानासोंचा चुलतभाऊ, आणि बांधावरच्या एका लिंबाच्या झाडापायी दोघांत सहा वर्षं बोलणं नव्हतं. त्यामुळं पोरीला फोन लावायचा तर सुभेदारसाहेबांना ज्योतिबा शेतात गेल्याची खात्री करून मगच उकिरडा चढावा लागे.

राहीबाईंना मात्र ब्रॉडबँडचं कवतिक वेगळ्याच कारणासाठी होतं. त्यांची एकुलती एक लेक शिवांजली पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत होती. चार वर्षांत ती दोन दिवसांच्या वर घरी राहिली नव्हती. शनिवारी यायची, रविवारी बॅग भरायची. आता तिच्या साहेबानं सांगितलं होतं, "सोमवारची अकराची मीटिंग गावाकडून नीट करून दाखव. झाली तर तीन महिने तिथून काम कर. नाही झाली, तर मंगळवारी ऑफिसात हजर." तीन महिने! राहीबाईंनी पोरीच्या आवडीचे सांडगे घातले, गादीला नवा अभ्रा चढवला आणि कुलदेवाला नारळ बोलून टाकला.

रविवारी सांगलीकडचा अरिहंत नावाचा इंजिनिअर येऊन छत्री बसवून गेला. तो गच्चीवर तासभर डोळा बारीक करून छत्री इकडं फिरव, तिकडं फिरव करत होता. राहीबाई खाली चहा करत होत्या. जाताना तो एवढंच म्हणाला, "सुभेदारसाहेब, नट अजून ढिला आहे. मंगळवारी येऊन पक्का करतो. तोवर कुणी हात लावू नका."

"आरं, सिग्नलचा मानूस हाय मी," नानासो म्हणाले. "मला सांगतोस व्हय?"

अरिहंतनं त्यांना छत्रीबद्दल बरंच काही समजावलं होतं. त्यातलं नानासोंनी बायकोला काय सांगितलं? काहीही नाही. एरवी फौजेतल्या गोष्टी सांगून सांगून माणसाला झोप आणतील, पण कामाची गोष्ट तेवढी पोटात ठेवतील! नंतर जे रामायण घडलं त्याचं मूळ इथंच होतं.

सोमवारी सकाळी राहीबाई हळद-कुंकू, फूल आणि नारळ घेऊन गच्चीवर गेल्या. घरात नवा पंखा आला तरी त्या पूजा करतात, मग ही तर लेकीला घरी ठेवणारी वस्तू. बघतात तर काय, छत्रीचं तोंड थेट दक्षिणेला! दक्षिण म्हणजे यमाची दिशा. तिकडं तोंड करून त्यांच्या घरात कुणी जेवत नाही, चूल मांडत नाही. बरं, नुसती दक्षिण असती तरी एक वेळ चाललं असतं. छत्रीच्या नेमकं समोर ज्योतिबाच्या नव्या संडासाचा उंच पाइप उभा होता.

"या बया!" राहीबाई स्वतःशीच म्हणाल्या. "नवीकोरी वस्तू, आन् पयल्याच दिवशी यम आन् संडास!"

हात लावू नका असं इंजिनिअर म्हणाला होता, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी हात लावलाच नाही. पदर दुहेरी करून छत्री त्यात धरली आणि अलगद फिरवून पूर्वेला केली, उगवत्या सूर्याच्या समोर. मग छत्रीच्या वरच्या कडेवर हळदीकुंकवाची बोटं ओढली, फूल वाहिलं, नारळ फोडला आणि "पोरीला ऱ्हाऊ दे रं देवा" असं म्हणून समाधानानं खाली आल्या.

साडेनऊपासून अंगणात माणसं जमली. सरपंच हंबीररावांनी रातोरात फ्लेक्स छापून आणला होता. त्यावर "कोकरवाडी जगाशी जोडली" असं लिहून खाली हंबीररावांचा हात जोडलेला फोटो होता, एवढा मोठा की जगाला जोडायला जागाच राहिली नव्हती. आतल्या खोलीत शिवांजली लॅपटॉप उघडून बसली होती. समोरच्या छोट्या डब्यावर लाल दिवा होता. तो निळा झाला की नेट आलं.

दहा वाजले. हंबीररावांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. दिवा लालच. सव्वादहा झाले तरी लालच.

"आई, अकराला मीटिंग आहे गं," शिवांजली रडवेल्या आवाजात म्हणाली.

नानासोंनी इज्जत बाजूला ठेवली आणि सगळ्या गावादेखत ज्योतिबाच्या उकिरड्यावर चढून अरिहंतला फोन लावला. खाली माणसांची रांग उभी राहिली, आणि नानासोंचा शब्द माणसामागून माणसाकरवी अंगणात पोचू लागला.

"टॉवर चालू हाय म्हंतोय! टॉवरच्या आन् छत्रीच्या मदी काय आडवं आलंय का बगा!"

सगळ्यांच्या नजरा एकदम फ्लेक्सवर गेल्या.

"म्हंजे?" हंबीरराव तडकले. "माजा फोटू आडवा येतोय व्हय?"

"तुमचा न्हाई वो, फ्लेक्सचा आकार लय हाय," कुणीतरी समजूत घातली. फ्लेक्स उतरवला. हंबीरराव तोंड फुगवून खुर्चीत बसले. दिवा लालच.

"आता गंजी!" उकिरड्यावरनं हुकूम आला. टॉवरच्या वाटेवर, ज्योतिबाच्या खळ्यात कडब्याची दोन पुरुष उंचीची गंजी होती. ज्योतिबा कंबरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभा राहिला.

"आमच्या आज्यापास्नं गंजी हितंच हाय. कुनाच्या नेटासाटी हलायची न्हाई."

नानासो सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं बघून बोलले, "ज्योतिबा, गड्या, पोरीचा सवाल हाय रं."

ज्योतिबानं मान खाजवली. पोरगी म्हटल्यावर तोही विरघळला, पण फुकट विरघळणारा तो गडी नव्हता. "पासवर्ड देनार का?"

सुभेदारांनी एकदा घराकडं बघितलं. "देतो."

"आयुष्यभर?"

"मरस्तोवर देतो, पन हलव!"

मग काय विचारता! चाळीस माणसं गंजीला भिडली. पेंढ्या हातोहात पलीकडं चालल्या. नानासो उकिरड्यावरनं "जोर लगाके!" म्हणून ओरडत होते. रांगेत मधोमध हंबीरराव रुसवा विसरून धोतर खोचून उभे होते. पावणेअकरा वाजले. दिवा लालच. शिवांजली बॅगेची चेन उघडून बसली होती, ते बघून राहीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात रांगेतनं निरोप आला, "इंजिनिअर इचारतोय, छत्रीचं त्वांड टॉवरकडं हाय न्हवं?"

"आरं, काल तूच केलंस की!" नानासोंनी फोनवर परस्पर उत्तर देऊन टाकलं. "त्वांडाला काय धाड भरलीय?"

राहीबाईंच्या हातातला चहाचा ट्रे तिथंच थांबला. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या बाईला हळूच विचारलं, "आगं, टॉवर कुनीकडं हाय गं?"

"आवं काकी, त्यो काय डोंगरावर. ज्योतिबातात्याच्या संडासाच्या वरनं बगा, सरळ."

राहीबाईंनी ट्रे तिच्याच हातात दिला. म्हणजे देवाला "पोरीला ऱ्हाऊ दे" म्हणून नारळ फोडला, आणि त्याच हातानं पोरीला पुण्याच्या गाडीत बसवायची तयारी केली! आता सगळ्या गावापुढं सांगायचं तरी कसं? फ्लेक्स उतरवून झाला होता, सहा वर्षांचं वैर मोडून झालं होतं, चाळीस माणसं कडब्यात बुडाली होती. सुभेदारीणबाईंनी सांडग्याचं सूप उचललं आणि "ऊन चांगलं हाय, वाळत घालते" असं कुणीही न विचारता जाहीर करून जिना चढल्या.

वर गेल्यावर सूप ठेवलं, पदर दुहेरी केला आणि छत्री धरली. पण नेमकी किती फिरवायची? अरिहंतला त्यासाठी तासभर लागला होता. इथं तर दहा मिनिटंसुद्धा उरली नव्हती. मग राहीबाईंना सकाळचा राग आठवला. छत्रीच्या नेमकं समोर, नाकासमोर, तो मेला पाइप होता! त्यांनी छत्रीमागं उभं राहून एक डोळा मिटला आणि कडेवरचं हळदीचं मधलं बोट संडासाच्या पाइपाच्या शेंड्यावर आणून ठेवलं.

"निळा!" खालून शिवांजली किंचाळली. "आई, निळा झाला!"

नेमकी त्याच क्षणाला खळ्यात गंजीची शेवटची पेंढी हलली होती. "बगितलं?" नानासो उकिरड्यावरनं गरजले. "म्या म्हनलं न्हवतं, गंजीच आडवी हाय! बावीस वर्सं सिग्नलमदी काय गवत कापलं न्हाई म्या!" ते उडी मारून खाली उतरले आणि त्यांनी ज्योतिबाला मिठी मारली. ज्योतिबाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं डोळे पुसून आधी पासवर्ड विचारला. मीटिंग छान झाली. राहीबाई सगळ्यांना चहा देत राहिल्या. मंगळवारी अरिहंत नट घट्ट करायला आला, तेव्हा त्याला पोहे खाऊ घालून त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी केलाय की घट्ट. सिग्नलचं मानूस त्ये." अरिहंत खूश होऊन परत गेला.

शिवांजली राहिली खरी. पण राहण्याची तऱ्हा बघा! सकाळी नऊला खोलीचं दार बंद, कानात ते इअरफोनचं बोंडुक, आणि संध्याकाळी सातपर्यंत आतून नुसतं इंग्रजी. जेवणाचं ताट राहीबाई दारातनं आत सरकवायच्या, ते अर्धं तसंच, निवलेलं परत यायचं. चहा हवा असला तर पोरगी भिंतीपलीकडनं आईला मोबाइलवर मेसेज पाठवायची. पूर्वी दोन दिवसांसाठी यायची, पण आईच्या मांडीवर डोकं टाकून तोंडाला फेस येईस्तोवर बोलायची. आता पंधरा दिवस झाले होते आणि लेक नीट दिसलीसुद्धा नव्हती. राहीबाई चुलीपुढं बसून रडल्या.

मग एके दिवशी दुपारी एक वाजता त्यांनी सांडग्याचं सूप उचललं.

त्या दिवसापासून कोकरवाडीचं नेट रोज बरोबर एक वाजता जाऊ लागलं आणि पाऊण तासानं परत येऊ लागलं. शिवांजली बाहेर येऊन पाटावर बसायची, गरम भाकरी खायची, ऑफिसातल्या गमती सांगायची. नानासोंनी तर पारावर याची कारणमीमांसाच मांडली. "दुपारच्याला ऊन तापलं की लहरी पातळ व्हत्यात. राजस्थानात आमाला हाच त्रास व्हता." ज्योतिबासुद्धा पासवर्डाला जागून मान डोलवायचा. राहीबाई मात्र पूजेच्या निमित्तानं छत्रीला रोज ताजी हळद लावायच्या, म्हणजे पाइपावर नेम धरायला बरं.

एका सोमवारी त्या दहिवडीच्या बाजाराला गेल्या आणि एसटी चुकली. घरी यायला दीड वाजला. वाटभर त्यांच्या जिवाला एकच घोर, आज पोरगी बंद दाराआड निवलेलं खाणार. घाईघाईनं उंबरा ओलांडतात तर शिवांजली स्वयंपाकघरात पाटावर बसलेली. दोन ताटं मांडलेली.

"किती उशीर गं आई? कधीची थांबलेय," ती म्हणाली. "नेट गेलंय."

राहीबाईंनी मान वर करून जिन्याच्या दाराकडं पाहिलं. ते उघडं होतं, आणि गच्चीवरची छत्री पूर्वेला तोंड करून उभी होती. भाकरी मोडायला पुढं आलेली लेकीची बोटं पिवळीधमक झाली होती.

"हात धुवून बस," राहीबाई म्हणाल्या आणि भाजी वाढायला लागल्या.