अकरा निरीक्षक आणि एक आकडा

ज्या कामावर अकरा माणसं नेमलेली असतात ते काम सहसा बिघडत नाही, कारण ते सुरूच होत नाही. दवाखान्यातल्या सिस्टरला हे ठाऊक असावं. भिंगरीला इन्सुलिनचा पंप लावला त्या दिवशी तिनं भिंगरीच्या आईला बजावलं होतं, "हे बघा ताई, पंप किती सोडलं तेवढंच सांगतो. अंगात किती गेलं ते त्याच्या बापाला कळत नाही. सेट बदललात की दोन तासांनी बोटातलं रक्त तपासायचं. आणि साखरेवर नजर ठेवायला एका वेळी एकच माणूस नेमा. शाळेत शाळेतलं, घरी घरातलं."

पहिली गोष्ट आईनं वहीत उतरवून घेतली. दुसरी ऐकून ती हसली. सात वर्षांच्या लेकरावर एकाच माणसाची नजर? मग एवढं मोठं गणगोत काय लोणचं घालायला आहे?

भिंगरीच्या दंडावर बटणाएवढा सेन्सर होता. तो दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा फोनवर पाठवी आणि परवानगी दिली की तो कुणालाही आपापल्या फोनवर बघता येई. आईनं परवानग्या सढळ हातानं वाटल्या. यथावकाश निरीक्षक मंडळ स्थापन झालं: बाबा, दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी, वर्गाच्या बाई आणि खुद्द आई.

मंडळाच्या पहिल्या महिन्याचा आढावा डोळे दिपवणारा आहे. एकूण संदेश दोन हजार एकशे चार. पैकी जोडलेले हात सहाशे बारा, 'बघतोय' चारशे तीन, 'कुणी बघतंय का?' तीनशे नव्वद (यालाही बघणंच धरलं आहे). बाबांकडचे आजोबा फोनवरचा आलेख कागदावर पुन्हा काढत आणि त्याचा फोटो काढून फोनवर टाकत. काकांना मधुमेहाबद्दल एवढंच ठाऊक होतं की तो त्यांना नाही; तेही 'ट्रेंड' हा शब्द वापरू लागले. आकड्याची विचारपूस इतकी होऊ लागली की भिंगरीची करायला कुणाला सवड उरली नाही. एकदा ती म्हणाली, "आजी, मला भूक लागलीय." आजीनं चष्मा लावून फोन पाहिला.

"छे, लागलेली नाही."

अशी सगळी चोख व्यवस्था असताना एका मंगळवारी सकाळी सव्वासातला आईनं सेट बदलला. सेट म्हणजे चिकटपट्टीतून कातडीखाली शिरणारी मऊ, बारीक नळी; दर तीन दिवसांनी जागा बदलून नवी बसवायची. खाली शाळेची गाडी हॉर्न वाजवत होती, बाबा एक मोजा घालून दुसरा शोधत होते. आईनं खटका दाबला, भिंगरी "आई गं!" म्हणाली, पंपानं 'झालं' अशी शीळ घातली.

नळी आत दुमडली होती. पंपाला याची कल्पना नव्हती. तो नेमून दिलेलं इन्सुलिन वेळच्या वेळी, थेंबाचीही चोरी न करता, चिकटपट्टीला पाजत राहिला.

साडेआठला आकडा दोनशे दहा. साडेनऊला दोनशे अडुसष्ट. (दोन तासांनी रक्त तपासायची सूचना आईच्या वहीत सुवाच्य अक्षरात होती. वही घरी होती, आई कचेरीत.) साडेदहाला तीनशे एकतीस. मंडळ खडबडून कामाला लागलं. मावशीनं हात जोडले. मामानं कळवलं, "वर जातोय." काका म्हणाले, "ट्रेंड वरचा आहे." आत्यानं विचारलं, "कुणी बघतंय का?" आजोबांनी तातडीनं लाल शाईचा आलेख टाकला. बाबा मीटिंगमध्ये होते. त्यांनी टेबलाखालून अंगठा पाठवला.

आईनं हे सगळं वाचलं आणि तिला हायसं वाटलं. एवढ्या जणांनी पाहिलंय म्हणजे कुणीतरी शाळेत फोन केलाच असेल. वर्गाच्या बाईंनीही आकडा पाहिला. त्यांनी विचार केला, खुद्द आई गप्प आहे म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार.

अकराला आईचा फोन वाजला. शाळेतल्या सफाईवाल्या काकू होत्या.

"अहो, तुमची पोर सकाळपासून पाच वेळा नळाला तोंड लावून गेली. आत्ता ओकली. तोंड पार सुकलंय तिचं. तुम्ही येताय, का मी रिक्षात घालून आणू?"

"तुम्हाला आकडा कुठे दिसला?"

"कसला आकडा? पोर दिसली."

(काकूंचा फोन बटणांचा. त्यात आकडा दिसायची सोय नसल्यामुळे त्यांना नाइलाजानं पोरीकडे बघावं लागलं होतं.)

दवाखान्यात चिकटपट्टी सोलली तेव्हा ती ओलीचिंब निघाली. संध्याकाळपर्यंत सलाइन चाललं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन तास गेले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. भिंगरी कॉटवरून म्हणाली, "मी बाईंना सांगितलं होतं पोटात दुखतंय. त्या म्हणाल्या, आईला दिसतंय."

पाचला आकडा एकशे साठवर आला. मंडळात एक्केचाळीस अभिनंदनं झाली. काकांनी याला एकजुटीचं यश म्हटलं. त्यानंतर दोन ठराव एकमतानं संमत झाले: निरीक्षकांची संख्या सतरा करावी, आणि सफाईवाल्या काकूंना कृतज्ञतेपोटी आकडा दिसणारा फोन भेट द्यावा.

आईनं मतदान केलं नाही. ती भिंगरीच्या ओठांकडे बघत होती.

भिंगरी आता बरी आहे. तुम्ही इथवर जीव मुठीत धरून वाचलंत, मध्येच चुकचुकलातही; निरीक्षक व्हायला याहून जास्त काही लागत नाही. पण तुमच्याही घरात एखादं माणूस असेल, विचारलं की "बरंय" म्हणणारं, ज्याच्याकडे कुणीतरी बघतंय असं घरात प्रत्येकाला वाटतंय. हातातलं खाली ठेवा. उठा आणि आतल्या खोलीत त्याला बघून या. दारातून नाही, जवळ जाऊन.