बादलसाठी बँड

घोड्यांतलं मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या यावल तालुक्यात कुणाला कळत नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही! आमचा सगळा गाव केळी लावतो. मीही लावायचो. पण अठ्ठ्याऐंशी साली मी मळ्याच्या कडेला पत्र्याचा तबेला ठोकला आणि घोड्यांची पैदास करायचं ठरवलं. आमची मंदा म्हणाली, केळीचं झाड निदान लाथ तरी मारत नाही. बायकांना धंद्यातली दूरदृष्टी नसते, म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

रूपा नावाची घोडी घरची होतीच. तिच्या जोडीला सारंगखेड्याच्या यात्रेतून बादल आणला. पांढराशुभ्र, उंचापुरा, छातीवरचा शुभ भोवरा जिथल्या तिथे. मी दात पाहिले, खूर पाहिले, चाल पाहिली, शेपटीचे केससुद्धा ओढून पाहिले. एवढा गडी आजवर काय काम करत होता, हे विचारायचं तेवढं राहिलं.

रूपा माजावर आली तेव्हा मी बादलला थाटात तिच्याजवळ नेला. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गव्हाणीतला कडबा खायला लागला. दुसऱ्या दिवशी तेच. मी त्याला गूळ घातला, हरभरा घातला, कानात समजावून सांगितलं. ढिम्म! गावात पोरंटोरं मला विचारायला लागली, काय लीलाधर भाऊ, जावई रुसले का?

पुढच्या खेपेला रूपा माजावर असताना मळ्यासमोरच्या रस्त्यानं फैजपूरकडची एक वरात चालली होती. बँड वाजला मात्र, बादलनं कान टवकारले, मान कमानीसारखी वाकवली आणि पुढचे दोन पाय उचलून नाचतच तो रूपाकडे निघाला. वरात वळणाआड गेली, बँड बंद झाला आणि बादल परत कडब्याकडे वळला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या प्राण्यानं उभा जन्म वरातीत काढला होता! बँडाशिवाय त्याला कसला उत्साहच येत नव्हता. मग काय, मी तडक फैजपूरला जाऊन कौतिक बँडवाल्याला गाठलं. तो म्हणाला, सगळे दिवस लग्नांचे भरलेत, मधला एक रविवार सकाळचा मोकळा आहे. कुणाचं लग्न, हे त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, घरचंच आहे.

आता त्याच रविवारी दुपारी माझ्या धाकट्या बहिणीला, लताला, बघायला शिरपूरचे पाहुणे येणार होते. हे मी विसरलो नव्हतो. सकाळी घोड्याचं, दुपारी पोरीचं, असा माझा बेत होता. पण लताला कुणकुण लागली. तिची आधीची दोन स्थळं माझ्या घोड्यांनीच घालवली होती. एका नवरदेवाच्या काकाला रूपा चावली. दुसऱ्या पाहुण्यांना मी तबेला दाखवत बसलो आणि शेवटची एसटी गाठायच्या घाईत पोरगी बघायचीच राहून गेली. शिवाय या शिरपूरच्या मुलाला लतानं कुणाच्या तरी लग्नात लांबून पाहिलं होतं आणि तो तिला आवडला होता. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले.

"भाऊ, हे स्थळ मोडलं ना, तर मी जन्मभर तुझ्या घोड्यांची लीद काढत बसीन. तुले चालीन का?"

मला गलबलून आलं. मी शपथेवर सांगितलं की पाहुण्यांच्या नजरेला घोडा पडणार नाही.

रविवारी मी माजावरच्या रूपाला तबेल्यासमोर बांधलं. बादलला जुनी मखमली झूल घातली, गळ्यात झेंडूची माळ टाकली. त्याला आपलं वाटावं म्हणून. कौतिकनं सरळ मळ्यात यावं, असं ठरलं होतं. पण बँडवाल्याची रीत अशी की तो वेशीपासून वाजवत येतो. लाल डगले, पितळी बाजे, सनई, ताशा! पूर्ण गावातून वाजत-गाजत ते मळ्याकडे निघाले आणि अर्धा गाव मागोमाग आला. कौतिककडून घरचं लग्न असल्याचं कळल्यावर लोकांनी हिशोब केला: लीलाधरच्या घरी लग्नाचं एकच माणूस आहे. बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन आल्या. शेजारची झुंबरबाई तर येतानाच रडत होती की पोर गुपचूप उजवून टाकली, साधी सुपारी नाही. आमचे मामा सायकलवरून आले आणि रुसून बांधावर पाठ करून बसले.

मी एकेकाला समजावत होतो, पण ताशापुढे माझं कोण ऐकतो? आणि तेवढ्यात मंदा धावत आली. शिरपूरचे पाहुणे एसटीची वाट न बघता कुणाच्या तरी जीपनं लवकर आले होते. स्टँडवर त्यांनी आमचं घर विचारलं, तर लोकांनी सांगितलं, बँड वाजतोय तिथे जा.

मुलाचे वडील अभिमन आबा पांढरी टोपी सावरत बांधावर उभे. शेजारी मुलगा. त्यांनी बँड पाहिला, झूल घातलेला घोडा पाहिला, ताटं पाहिली आणि झुंबरबाईला विचारलं, "आठे कोनं लगीन शे?"

झुंबरबाईनं डोळे पुसत सांगितलं, लताचं.

आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते मागे फिरले. मला वाटलं, गेलं, पोरीचं नशीब मी घोड्याच्या पायाखाली घातलं.

तर केळीच्या बागेतून, डोक्यावरचा पदर खांद्यावर, पायात चप्पल नाही, अशी लता धावत आली आणि आबांच्या वाटेत आडवी उभी राहिली. जिनं खाली मान घालून चहाचा ट्रे आणायचा, तिनं सगळ्या गावादेखत सांगितलं, "आबा, लग्न माझं नाही. घोड्याचं आहे. खोटं वाटत असेल तर चला, बघा."

आणि खरोखर त्यांना तबेल्याकडे घेऊन आली! कौतिकला माणसं बघितली की चेव येतो. त्यानं सगळ्यात जोरकस चाल धरली. बादल मान वाकवत, पाय उचलत, माळ उडवत रूपाकडे गेला आणि या खेपेला मधे थांबला नाही. बायकांनी एका झटक्यात तोंडं फिरवली. पाठ करून बसलेले मामा मात्र वळून बघायला लागले.

आबा गंभीरपणे सगळं बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसता हसता ते बांधावरच बसले. मुलगा लताकडे बघत होता आणि लता त्याच्याकडे. पाहण्याचा कार्यक्रम तिथेच, तबेल्याच्या कुंपणाला टेकून झाला. चहासुद्धा नाही. पोर घाबरट नाही, एवढं एकच कारण सांगून आबांनी होकार दिला.

अट मात्र एक घातली. "लीलाधर भाऊ, लगीनमा बँड आम्हनाच ऱ्हाई. पन तुन्हा घोडा आनानं काम नई. तेना कानवर आवाज बी जावाले नको."

अट मोडणं शक्य नव्हतं. सख्ख्या बहिणीचं लग्न! घोड्यांची पैदास करणाऱ्याच्या दारात नवरदेव ट्रॅक्टरवर बसून आला, असं मला नंतर मंदानं सांगितलं. कन्यादान मामांनी केलं. आणि मी? मी त्या वेळी मळ्यात, दार लावून, बादलच्या दोन्ही कानांत कापूस कोंबून, त्याचं डोकं कवटाळून बसलो होतो. लांबून मंगलाष्टकं ऐकू आली तेव्हा माझे डोळे भरून आले. खिशातल्या अक्षता मी तिथूनच मांडवाच्या दिशेनं टाकल्या.

त्या बादलनं खाल्ल्या.