इक्बाल सरांचा पापण्यांचा नाद

आमचे शेजारी इक्बाल सर माणूस भेटला की सलाम-नमस्कार काही करत नाहीत. "डोळे मिटा!" म्हणतात. आपण दचकून मिटतो. तोवर सरांनी मोबाईलला भिंग अडकवून आपल्या पापणीखाली आलेखाच्या कागदाची पट्टी धरलेली असते.

सर मंगरूळपीरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहेत. गेल्या काही महिन्यांत त्यांना हा नाद लागला. पापणीचा केस रोज किती वाढतो? गळला तर परत कधी येतो? फोटो काढताना मान हलू नये म्हणून हनुवटीखाली चहाचा डबा ठेवायचे. स्वतःच्या डाव्या पापणीचा एक केस त्यांनी मुळाशी कापला आणि रोज सकाळी त्याचं माप घेऊ लागले. कारंज्याच्या एसटीत तर त्यांनी कंडक्टरलाच धरलं.

"सर, माह्या काहून मोजता? मले हायेतच किती!"

"हालू नका ना राजेहो! विरळ असल्या की मोजाले सोप्या जातात."

एका जागी बसणं त्यांना जमेना. आमच्याकडे आले की अर्धा चहा टाकून उठायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. "हिशेब चुकून राह्यला, ताई. कुठंतरी चुकून राह्यला." कसला, ते सांगत नसत.

परवा मी सरांकडे मळ्यातली मेथी द्यायला गेले. अंगणात त्यांच्या पत्नी नफिसाभाभी बसल्या होत्या. नागपुरात कॅन्सरचे उपचार झाल्यापासून त्या काळ्या चष्म्याशिवाय कुणासमोर येत नसत. त्या दिवशी चष्मा मांडीवर होता. पापण्यांवर केसच नव्हते. समोर सर भिंग धरून उभे.

"डोक्यावरचे केस गेले तवा रडली नाई ही," ते मला म्हणाले. "पापण्या गेल्या तवा रडली. म्हणे, आरशात मीच मले वळखू येत नाई. मी लोकाइच्या मोजमोजून सांगितलं, ईदपर्यंत येतीन. ईद होऊन गेली ना, ताई!"

मोबाईल त्यांनी माझ्या हातात कोंबला. "तुमी पाहा. माह्या डोळ्यावर माहा भरोसा राह्यला नाई."

मी वाकून पाहिलं. आधी काहीच दिसेना. मग डोळ्याच्या कोपऱ्याशी, तान्ह्या बाळाच्या लवेसारखा, एक.

"आहे! सर, आहे!"

त्यांनी मोबाईल हिसकावलाच. भाभींच्या गालाला नाक लावून धापा टाकत पाहू लागले.

भाभींनी डोळा मिटला नाही. "हळू श्वास घ्या जी," त्या म्हणाल्या, "उडून जाईन तो."