ट्राउटसाठी तंगूस

"एक, या वर्षी तूही चल," वॉल्टर कँटीनमध्ये सगळ्यांच्या देखत म्हणाला आणि त्याने एकनाथ खांबेटेच्या पाठीवर थाप मारली. "आणि गळाला दोरा कुठला लावायचा ते तूच ठरव. मटेरियलचा माणूस आहेस तू!"

वॉल्टर हा एकनाथचा साहेब; त्याच्या तोंडी एकनाथचं नुसतं ‘एक’ झालं होतं. मिशिगनमधल्या नोव्हायजवळच्या, मोटारींचे भाग बनवणाऱ्या त्या कंपनीत प्लास्टिक ताणून, वाकवून आणि शेवटी मोडून बघायचं हे एकनाथचं काम. दर जानेवारीत वॉल्टर निवडक मंडळींना घेऊन उत्तरेकडच्या एका गोठलेल्या तळ्यावर ट्राउट मासे धरायला जाई. बर्फावर झोपडी उभारायची, आत बर्फाला भोक पाडायचं, त्यातून खोल पाण्यात गळ सोडायचा आणि बसायचं. परत आल्यावर ही मंडळी आठवडाभर ज्या गोष्टींवर हसत, त्या एकनाथला कळत नसत. बढत्यासुद्धा तिथे बर्फावरच ठरतात, असं ऑफिसात सगळे म्हणत. तेव्हा एकनाथ ताबडतोब "ऑफ कोर्स!" म्हणाला. आपण शाकाहारी आहोत आणि जिवंत मासा फक्त डेंटिस्टकडच्या काचेच्या पेटीत पाहिलाय, हे सांगायची ती वेळ नव्हती.

"अहो, पण तुम्ही मासे खात नाही," शरयू घरी म्हणाली.

"खायचे नाहीत. धरायचेत."

"खायचे नाहीत तर धरायचे कशाला?"

हा प्रश्न कँटीनमध्ये कोणीच विचारला नव्हता. एकनाथने आपला मित्र प्रताप तेंडोलकर याला फोन लावला. प्रतापचा आणि माशाचा संबंध जन्मभर ताटापुरताच आलेला होता. पण तो मालवणचा असल्यामुळे ताटाबाहेरचं ज्ञान आपल्याला आपोआप मिळालेलं आहे, अशी त्याची समजूत होती.

"तंगूस घे, तंगूस! नायलॉनचा. चांगला जाडजूड घे यार, विचार कसला करतोस?"

"जाड घेतला तर माशाला दिसेल ना रे."

"दिसू दे की! घाबरून राहील!"

एवढ्यावर समाधान मानणारा एकनाथ नव्हता. त्याने दुकानात जाऊन होती नव्हती तेवढी सगळी रिळं उचलून आणली. ट्राउटची नजर म्हणे फार तीक्ष्ण. जाड दोरा तिला दिसतो, बारीक दोरा तिच्या हिसक्याने तुटतो. नायलॉन पाण्यात दिसत नाही, पण ताणला जातो. शंभर फूट खाली मासा गळाशी खेळत बसला तरी वरच्या माणसाला पत्ता नसतो. डेक्रॉनचा विणलेला दोरा ताणला जात नाही, पण पाणी पितो आणि थंडीत गोठून काठी होतो. थोडक्यात, प्रत्येक दोऱ्यात काही ना काही खोट होती. एकनाथला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

पहिली चाचणी गारठ्याची. शरयूने फ्रीझर उघडला तर ओल्या नारळाच्या पाकिटांवर दोऱ्याची रिळं ओळीने मांडलेली. दुसरी चाचणी ताणाची, आणि तिला लांबी हवी होती. बाहेर गुडघाभर बर्फ. म्हणून एकनाथने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची घेतली, तिच्यावर तांदळाची गोण ठेवली, खुर्चीच्या पायाला पारदर्शक तंगूस बांधला आणि तो हॉलमधून, तळघराच्या दारातून, जिन्यावरून खाली नेऊन भिंतीला टांगलेल्या ताणकाट्याला जोडला.

"अहो, आज हळदीकुंकू आहे. आत्ता बायका येतील," शरयू म्हणाली. मिशिगनमध्ये संक्रांत पंचांगाप्रमाणे येत नसे, सोयीच्या शनिवारी येई.

"त्या यायच्या आत आवरतो," म्हणून एकनाथ तळघरात उतरला आणि शरयू साडी नेसायला वर गेली.

तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष पद्मिनीताई सगळीकडे लवकर येत. यजमानणीने काय काय केलेलं नाही, हे बायका जमण्याआधी बघून ठेवलेलं बरं, असं त्यांचं मत होतं. "दार उघडंच आहे, या!" असं शरयू वरून ओरडली. पद्मिनीताईंनी बर्फाचे बूट काढले आणि पैठणीखाली लोकरीचे मोजे अशा थाटात त्या हॉलमध्ये शिरल्या.

माशाला दिसू नये म्हणून निवडलेला दोरा पद्मिनीताईंनाही दिसला नाही. तो त्यांच्या पायाला लागला, पैठणीच्या काठात गुंतला आणि त्या तशाच पुढे चालत राहिल्या. दोन पावलांवर त्यांना मागे काहीतरी खरखरल्यासारखं वाटलं. त्यांनी वळून पाहिलं.

"शरयू! अगं, खुर्ची माझ्यामागे येतेय!"

तेव्हा कुठे तळघरात काटा एकदम उसळला. एकनाथच्या अंगात कुठला कोळी संचारला कोण जाणे. चाचणी, ताण, आकडे सगळं विसरून त्याने दोरा दोन्ही हातांनी धरला.

"लागला! मोठा आहे!" तो ओरडला आणि ओढू लागला.

गुळगुळीत लाकडी जमीन, पायात लोकरीचे मोजे. पद्मिनीताई उभ्याच्या उभ्या तळघराच्या दाराकडे घसरू लागल्या. खुर्चीही त्यांच्याबरोबर निघाली. पद्मिनीताईंनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली, तसा खालून आणखी जोराचा हिसका आला. दोरा उत्तम होता, तुटला नाही. शेवटी शरयू अर्धी साडी सावरत स्वयंपाकघरातली कात्री घेऊन धावली आणि तिने दोरा कापला. खुर्ची कलंडली, तांदूळ हॉलभर पसरले आणि तळघरात काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला.

एकनाथ कपाळ चोळत वर आला तेव्हा दारात आणखी चार-पाच बायका येऊन उभ्या होत्या. पण त्याचा चेहरा उजळलेला होता.

"पद्मिनीताई, एक खरं सांगा. तुम्ही अडकलात केव्हा आणि मी ओढलं केव्हा?"

"एकनाथराव, म्हणजे मला तुम्ही ओढलंत?"

"तेच तर सांगतोय! तुम्ही कधीच्या अडकलेल्या, आणि मला खाली गंधवार्ता नाही. नायलॉन ताणला जातो हो! इथे ही गत, तर शंभर फुटांवर काय होईल?"

पद्मिनीताईंनी तिळगूळ घेतला, पण गोड बोलल्या नाहीत. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमातलं शरयूचं नाट्यगीत त्याच संध्याकाळी वेळेअभावी कॅन्सल झालं, आणि शरयूने एकनाथशी बोलणंही कॅन्सल केलं. एकनाथला मात्र उत्तर सापडलं होतं. वर न ताणला जाणारा डेक्रॉन, खाली गळापाशी वावभर बारीक पारदर्शक तंगूस. आणि झोपडीत शेगडी असतेच, त्यामुळे डेक्रॉन गोठण्याचा प्रश्न नाही.

पुढच्या शनिवारी तळ्यावर पोचल्यावर त्याने सगळ्यांचे दोरे स्वतः बांधून दिले. मंडळींनी ते खुंटीला कोट अडकवावेत तसे भोकांत सोडले, बिअर उघडल्या आणि पत्ते काढले. एकटा एकनाथ भोकाशी मांडी घालून, दोरा बोटावर घेऊन बसला. दुपारी बोटाला टुक् झालं. अगदी स्पष्ट. त्याने हिसका दिला, हात भरून येईपर्यंत ओढलं आणि हातभर लांबीची, ठिपक्याठिपक्यांची जाडजूड ट्राउट धाडकन झोपडीत येऊन पडली.

टाळ्या होतील म्हणून एकनाथने वर पाहिलं. सगळ्यांच्या हातांत पत्ते तसेच होते.

"हे काय केलंस, एक?" वॉल्टर हळूच म्हणाला.

"ट्राउट, सर."

"ते दिसतंय. अरे, इतक्या वर्षांत इथे कोणी मासा धरलेला नाही! आता आज मासा मिळाला, तर मंगळवारपर्यंत इथे राहायचं कारण घरी काय सांगू? आणि एकदा नेला की बायको दर वर्षी मागणार."

"साफ कोण करणार?" कोपऱ्यातून एकाने विचारलं. दुसऱ्याने कबूल केलं, की त्याने एकनाथने बांधलेला गळ गुपचूप काढून ठेवला होता. उगाच कटकट नको म्हणून.

सगळे एकनाथकडे बघू लागले. पाच वर्षांच्या नोकरीत त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. पायाशी ट्राउट तोंड उघडझाप करत होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

"मी व्हेजिटेरियन आहे," तो शेवटी म्हणाला. "ही परत सोडली तर चालेल का?"

वॉल्टर खुर्चीतून उठला. एखाद्या संकटातून सोडवणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्याने एकनाथकडे पाहिलं. मग गुडघे टेकून त्याने तिच्या तोंडातला गळ अलगद सोडवला आणि मासा दोन्ही हातांनी भोकात सरकवला. एक शेपटी हलली, पाणी काळं झालं आणि झोपडीत पुन्हा जीव आला. कोणीतरी खुर्ची सरकवली, कोणीतरी एकनाथच्या पुढ्यात पत्ते वाटले. मंगळवारपर्यंत तो रमीत सगळ्यांना हरवत राहिला, आणि कोणत्या गोष्टीवर का हसायचं हेही त्याला बहुतेक सगळं कळलं.

परत येताना वॉल्टरने त्याला आपल्या गाडीत, पुढच्या सीटवर बसवलं. रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "एक, पुढच्या वर्षीही दोरा तूच निवडायचा. पण असा, की मासा लागला रे लागला की तुटलाच पाहिजे. आणि घरच्यांना दाखवताना मात्र एकदम मजबूत दिसला पाहिजे. जमेल?"

एकनाथने मनातल्या मनात दुकानातल्या सगळ्या रिळांची उजळणी केली.

"जमेल, सर," तो म्हणाला. "पण घरी पुन्हा सगळ्या चाचण्या घ्याव्या लागतील."